अर्धं उत्तर, अर्धे केस

"तुमच्या रडारला गुंगारा द्यायचा असेल तर काय करायचं?"

हा प्रश्न भर वर्गात, पाहुणी म्हणून आलेल्या स्वतःच्याच आईला विचारायचा, अशी पैज मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. विचारलास तर तुझे केस कापून देऊ, हे बक्षीस. तिला केस आखूड हवे होते आणि त्यावरून घरात वर्षभर तहाची बोलणी चालली होती. न विचारता कात्री लागली तर हँडबॉल बंद, असं आईने बजावलेलं, आणि शनिवारी तर अंतिम सामना. पण पैज ती पैज. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

आईचं काम विमानाचा माग धरून क्षेपणास्त्राला वाट दाखवणाऱ्या रडारची चाचणी घेण्याचं. असा प्रश्न आला की तिची कळी खुलायची. समोरचं जवळ येतंय की लांब जातंय, यावरून हे रडार त्याला ओळखतं, असं तिने सांगितलं. "म्हणून जवळही यायचं नाही, लांबही जायचं नाही. रडारभोवती आडवं, गोल गोल फिरत राहायचं. रडारला वाटतं, जागचा न हलणारा डोंगरच आहे. पण…"

घंटा झाली आणि 'पण' वर्गातच राहिला.

शाळा सुटल्यावर संघाच्या गोलकीपरने कात्री चालवली. डावी वेणी कानापाशी साफ उतरली. ती हातात लोंबकळताना पाहून मात्र अंगावर येणारे चेंडू छातीवर झेलणाऱ्या त्या वाघिणीला घाम फुटला. काकू मला सोडणार नाहीत, म्हणत ती कात्रीसकट पळाली.

उरली उजवी वेणी. टोपी घालावी, तर घरात टोपी म्हणजे कबुलीच.

घरी आई बाहेरच्या खोलीत मधोमध टेबलफॅन खोलून बसली होती. मुलीची खोली पलीकडे. मग आईचाच सल्ला कामी आला. उजवी बाजू आईकडे ठेवून ती भिंतीभिंतीने सरकू लागली. एवढ्यात आईने मान न वळवता पेचकस मागितला. तो मागे राहिलेल्या कपाटावर होता; मागे वळलं तर कापलेली बाजू दिसली असती, म्हणून तिने पुढेच पूर्ण फेरी मारली आणि तो हात लांबवून दिला. मग आईला पक्कड हवी झाली. दुसरी फेरी. मग फडकं.

"अगं, तू घिरट्या का घालतेयस?"

"पाय मोकळे करतेय. सामना आहे ना."

तिसऱ्या फेरीला ती स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचली. दारात बाबा, हातात झारा. तिच्या बरोब्बर डावीकडे.

"काय गं," बाबांनी शांतपणे विचारलं, "तुझी दुसरी वेणी कुठे राहिली?"

आईने चष्मा वर केला. उठून डावी बाजू पाहिली. ओठ दाबून धरले, पण खांदे हलतच होते.

"मघाशी माझा 'पण' राहिला बघ. पण रडार कधी एकटं ठेवत नाहीत. एकाला आडवं गेलेलं दुसऱ्याच्या थेट समोर येतं."

ती दोघांच्या मधे उभी राहिली. एकीकडे केस, एकीकडे ओका कान. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे फार हलकं वाटत होतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "ही वेणीही जाणार. संघातून काढायचं असेल तर काढा, मी बाकावर बसून ओरडेन. पण आई, कात्री तू धर. त्या लोकांना अर्धंच येतं."