कापसातली पीएचडी

आमच्या शेजारचे इंगळे सर कापसात बसून पीएचडी करत होते. खरोखरच्या कापसात. भाव येईल या आशेवर आमच्या मोताळ्यात कितीतरी घरं कापूस खोलीत भरून ठेवतात. सरांनीही मागची खोली आढ्यापर्यंत भरली होती. मधे खुर्चीपुरती जागा. आत बाहेरचा आवाज म्हणून येत नसे, आणि आतलं बोलणं घुमतही नसे. गाइड दूरच्या शहरात. स्क्रीनवर बघून त्यांना वाटलं, मागे ढगांचं चित्र लावलंय. "काढा ते," म्हणाले.

"सर, हे निघत नाही. भाव नाही."

विषय माहिती तंत्रज्ञानाचा. बोंडाचा फोटो पाहून मोबाइलने सांगायचं, आत गुलाबी बोंडअळी आहे की नाही. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट संपली म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त झालो होतो. ती परत आली. एका वर्षी सरांना उभ्या कपाशीवर नांगर फिरवावा लागला, आणि त्याच महिन्यात या माणसाने ऑनलाइन पीएचडीला नाव नोंदवलं! कॉलेजातून यायचं, दोन घास खायचे आणि कापसात शिरायचं. काहीही विचारा, उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे." जेवलात का? प्रोसेसमध्ये आहे. प्रबंध कुठवर आला? तेच. मी त्यांच्याच कॉलेजात शिकवतो. ऐकून ऐकून मीच थकून गेलो होतो.

त्यात घरभर खाज. विमलवहिनी पार कंटाळल्या होत्या. "भाऊजी, कापसातल्या किड्यायनं अंग फोडून काढलं. कापूस इकून टाका म्हणलं तं हे म्हणते, वायवा होऊ दे."

वायवा म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, तीही ऑनलाइन. नेमका तिच्या आदल्या दिवशी भाव चढला. करीमभाई व्यापारी गाडी घेऊन दारात हजर. वहिनी मान खाजवत येऊन उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्या मानेवरचे लाल चट्टे पाहिले आणि स्वतःच कापूस भरायला लागले. "घेऊन जा भाऊ. पाहू माह्या परीक्षेचं."

झालं! रिकाम्या खोलीत आवाज घुमायला लागला. नेट गेलं तर माझा मोबाइल असावा म्हणून परीक्षेच्या सकाळी मला बोलावलं होतं. सरांचं पहिलंच वाक्य ऐकून परीक्षक म्हणाले, "काही समजत नाही. पाच मिनिटांत सोय करा, नाहीतर पुढची तारीख घ्या."

पुढची तारीख कधी मिळेल, देव जाणे. सरांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

वहिनी आत धावल्या आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या घेऊन आल्या. खिळे ठोकायला वेळ कुठला? "धरा भाऊजी!" एका बाजूला त्या, एका बाजूला मी, हात वर करून. करीमभाई विसरलेली ताडपत्री न्यायला आले होते. वहिनींनी त्यांच्याही हातात गोधडी दिली. मधे सर इंग्रजीत अळीबद्दल बोलत होते. माझे खांदे भरून आले.

शेवटी लॅपटॉपमधून आवाज आला, "अभिनंदन, डॉक्टर इंगळे." स्क्रीन काळी झाली. मी गोधडी खाली ठेवायला गेलो.

"राहू द्या ना सर जराशी," इंगळे सर मला म्हणाले.

"आता काऊन? झालं ना!" वहिनी म्हणाल्या.

"हाव, झालं." सर लॅपटॉपकडेच बघत होते. "इतके वर्सं या खोलीत मी एकटाच होतो. आज पह्यल्यांदा कोणी सोबत हाये. दोन मिनिटं उभे राहा."

आम्ही राहिलो. करीमभाईंनी तर आपली गोधडी आणखी वर उचलली.