शेवट चुकवलेला सिनेमा

बारामतीला सिनेमा बघायला निघालेल्या माणसाचं मनगट धरून त्याला एसटी थांब्यावरून परत फिरवणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या अंथुर्ण्याचे भानुदासतात्या.

"कुठं निघाला? त्यो खुनाचा पिच्चर? जाऊ नगा. शेवट चुकीचा दावलाय. मुळाबरहुकूम न्हाय!"

समोरचा लग्नाला निघालेला असला तरी त्याला हे ऐकून घ्यावं लागे.

'मुळाबरहुकूम' हा तात्यांचा लाडका शब्द. श्रावणात देवळात पोथी तेच वाचतात. वाचणाऱ्यानं मुळातला शब्द बदलायचा नाही, हा नियम त्यांनी देवळापुरता ठेवला असता तर गाव सुखी झालं असतं. पण तात्यांना स्टँडवरची मिसळही मुळाबरहुकूमच लागते. माझ्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं मधेच थांबवून भटजींची चूक काढली होती. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण तात्यांनी ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं.

मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो आणि संध्याकाळी वाचनालय उघडतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील लोणी देवकरच्या कंपनीत पाळी करायचे आणि पगार झाला की मला पुस्तक आणायचे. त्यामुळे पुस्तकाबद्दल कुणी खोटं बोललं की मला सहन होत नाही. तात्यांवर माझा राग होता तो इथून.

ज्या कादंबरीवर हा सिनेमा निघाला, ती सगळीकडे हातोहात खपलेली. वाचनालयात तिची एकच प्रत होती, तीही तात्यांकडे. मागायला गेलो तर म्हणाले, "सर, उंदरांनी खाल्ली." गावात पोत्यांनी धान्य असताना उंदरांनी नेमकी खुनाची कादंबरी खावी, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं.

सिनेमा लागला त्या दिवशी तात्या सकाळीच माझ्या दारात. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. मुलगी बघायला निघाल्यासारखे. "चला सर, बारामतीला. बघू काय करत्यात." मी अजून कादंबरी वाचलेली नव्हती, पण उत्सुकता होती. मोटारसायकलवर त्यांना मागं बसवून नेलं. वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. "सिनेमावाले शेवट बदलत्यात का वो? ऐकलंय, बदलत्यात म्हणून."

गोष्टीत एक माई आहे. तिनं पोरक्या पुतण्याला वाढवलेलं. त्या पुतण्याचा खून होतो; संशय घरच्या वकिलावर, तपासाला एक इन्स्पेक्टर. शेवटी कळतं, की माईनंच दुधात विष घातलं. तिनं पडद्यावर पेल्यात पूड टाकली मात्र, तात्या थेटरात उभेच राहिले.

"ओ, बंद करा! माईनं न्हाय केला! वकिलानं केलाय!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, खाली बसा! तुमची साक्ष कोर्टात घेऊ!"

सगळं थेटर हसलं. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. आपला विद्यार्थी कुणी आसपास नसावा, एवढीच प्रार्थना केली.

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहीम उघडली. डेअरीत दूध घालताना, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना, दहाव्याच्या कार्यक्रमाला कावळा शिवायची वाट बघतानासुद्धा एकच. "पुस्तकात वकिलानं केलाय. सिनेमावाल्यांनी नासवलं." इतक्या वेळा, की गावातले एक खरे वकील डेअरीवर यायचेच बंद झाले.

शेवटी मी बारामतीहून कादंबरीची नवी प्रत आणली आणि वाचून काढली. पुस्तकातही माईच! तोच पेला, तेच दूध. सिनेमावाल्यांनी काडीइतकाही बदल केला नव्हता. म्हणजे हा मुळाबरहुकूमवाला गावभर धडधडीत खोटं बोलत होता. पुस्तक बहुधा उघडलंच नसणार, असं मी ठरवून टाकलं. रविवारी सकाळी नवी प्रत काखोटीला मारून त्यांच्या घरी निघालो. त्यांच्याच ओट्यावर, चार लोकांदेखत शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं, असा बेत होता.

तात्या रानात गेले होते. सुमनकाकी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. काकी शाळेत गेलेल्या नाहीत. माझ्या काखेतलं पुस्तक बघून मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

"ही तर आमची पोथी! चित्रावरनं वळाकली." त्यांनी हात पदराला पुसून पुस्तकाला नमस्कार केला. "ह्यांनी दुपारच्याला रोज वाचून दावली मला. टोपी घालून, चालीवर. पयल्यांदा हसायला यायचं. खून झाला तरी चाल तीच!"

"सगळी वाचली?" मी विचारलं.

"सगळी! समाप्तीला मी शिरा केलता. गल्लीतल्या बायका बोलावल्या. पोथी म्हणल्यावर समाप्ती नगं व्हय? वकिलाला बेड्या घातल्या तवा समद्या रडल्या." काकी थांबल्या. "त्या दिवशी ह्यांनी पुस्तकात बघितलंबी न्हाय. डोळं झाकून वाचलं. पाठच झालं हुतं जणू."

काखेतलं पुस्तक मी हातात घेतलं.

"मला प्वार न्हाय, सर, तुमाला म्हाईत हाय. दिराचं पोरगं मी वाढीवलं. बायका म्हणायच्या, दुसऱ्याच्या लेकराला जीव लावायचं नाटक करती. पर माईचं ऐकल्यापासनं कोण काय बोलत न्हाय. माईबी माझ्यावाणीच की. पोरगं तिचं नव्हतं, पर जीव तिचाच हुता." त्यांनी फोडलेल्या शेंगेतले दाणे सुपात टाकले. "आता भाची म्हणती, मावशे, बारामतीला पिच्चरला चल. हे म्हणत्यात, शेवट नासवलाय, जायचं न्हाय. तुमी शिकल्यालं. पुस्तक हातात हाय तुमच्या. तुमी सांगा, खरंच बदललंय का?"

तेवढ्यात तात्या आले. डोक्यावर गवताचा भारा. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी पाहिलं आणि भारा न उतरवता दारातच उभे राहिले. बारामतीच्या थेटरात ओरडणारा माणूस आता फक्त माझ्याकडे बघत होता.

पुस्तकाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळेना. वडिलांची आठवण झाली. मग काकींच्या पुढ्यातलं सूप दिसलं.

"बदललंय, काकी," मी म्हणालो. "पार बदललंय."

"माईवर आळ घेतला का काय?"

"छे! इन्स्पेक्टरवर."

काकी खुदकन हसल्या. "मला पयल्यापासनंच त्यो बरा वाटत नव्हता! मग कशाला जायचं तिकीट काढून? बसा, च्या ठिवते."

त्या आत गेल्या. तात्यांनी भारा खाली टाकला. चहा होईपर्यंत आम्ही दोघंही शेंगा फोडत राहिलो.

मी निघालो तेव्हा तात्या रस्त्यापर्यंत आले. आभार मानणं त्यांच्या स्वभावात नाही, तसे त्यांनी मानलेही नाहीत. उलट वैतागलेलेच दिसले.

"तुमी इन्स्पेक्टर म्हणाला ते झालं. पर त्यानं केला कसा? त्यो तर खून झाला तवा सातारला हुता."

"असू दे की, तात्या."

"असू दे कसं? जेवायला बसलं की इचारंल ती. बारीक बारीक इचारती."

मग आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसलो, आणि इन्स्पेक्टरला साताऱ्याहून परत आणायच्या कामाला लागलो.