येडशीच्या छावणीतला दुसरा चहा

बेघर झालेल्या माणसाला अन्न, वस्त्र, निवारा हे सगळं नंतर लागतं. सगळ्यात आधी लागतो तो भेटीला येणारा माणूस. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत हे तत्त्व धाराशिवच्या निर्वासित सहानुभूती मंडळाइतकं कुणालाच पटलं नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत गावोगावची माणसं जीव घेऊन पळाली आणि येडशी स्टेशनाजवळ त्यांची छावणी पडली. मंडळ दर रविवारी तिथं जाऊन हळहळून यायचं.

मंडळाचे चिटणीस मार्तंडराव वकील. हळहळण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. मान किंचित डावीकडं, डोळे अर्धे मिटलेले आणि प्रश्न ठरलेला, "कसं वाटतंय?" (मान उजवीकडं कलवली की समोरच्याला आपण बहिरे वाटतो, हे त्यांनी अनुभवानं ठरवलं होतं.)

त्यांना एकच घोर होता. छावणीत निर्वासितांची टंचाई पडायला लागली होती. ज्यांना चालता येत होतं ते मंडळाला न विचारता आपापल्या गावी चालत निघून गेले. उरली ईट गावची तीन घरं, म्हातारी माणसं असलेली. त्यातलं एक हसीनाबीचं. तिची सासू बिस्मिल्लाबी चार पावलं टाकली की बसायची, आणि ईट तर गाडीनंसुद्धा येरमाळ्याला मुक्काम करून गाठायचं गाव.

"वकीलसाब, बाकी कायबी नको," हसीनाबी पहिल्याच भेटीत म्हणाली होती. "एक बैलगाडी द्या, ईटपतोर. शेजारच्या कल्याणप्पानं सांगावा धाडलाय, बैलं त्याच्या गोठ्यात हायेत, घर त्यानं राखलंय. ज्वारी पेरायची हाय. ओल उडून वाफसा गेला तर वरीसभर खायचं काय?"

मंडळानं यावर गांभीर्यानं विचार केला आणि निष्कर्ष काढला, की बाईच्या मनात गावाची ओढ आहे. पुढच्या रविवारी राघवेंद्र मास्तरांनी त्या ओढीवर पाऊण तास भाषण केलं. त्याच्या पुढच्या रविवारी चारुशीलाबाईंनी त्याच ओढीवर गाणं रचून आणलं. (चाल करुण होती. बिस्मिल्लाबीला छान झोप लागली.) बैलगाडी तेवढी राहिली. म्हणजे मंडळाकडं तीन गाड्या होत्या, एकेका पदाधिकाऱ्याला मानाप्रमाणं एक. पण त्या भेटीसाठी होत्या. त्या उपयोगाला काढल्या तर भेटीला यायचं कशात?

त्यानंतरच्या रविवारी शेतं भेगाळायच्या बेतात होती. मंडळ हसीनाबीच्या तंबूत बसलं. विषय होता, गाडी द्यावी, की गाडीची सोय होईपर्यंत धीर द्यावा. हसीनाबीनं गुळाचा चहा दिला आणि म्हणाली, "आणिक एकदा टाकते. चहा सांगितल्यावर पाव्हण्यानं उठू न्हाय."

आपल्याकडं चहा टाकलाय म्हटल्यावर उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. मार्तंडरावांना कायद्याची कलमं एक वेळ आठवायची नाहीत, पण हे पाठ होतं. मंडळ बसलं.

बाहेर वीरप्पा गाडीवान दोन जोडीदारांबरोबर बिडी ओढत होता. हसीनाबीनं विचारलं, "वीरप्पाभाऊ, ही मंडळी उठतील कवा?"

"मागल्या खेपेला दिवेलागणीला उठली."

"मग तवर बैलं रिकामी कशाला ठेवायची?"

वीरप्पानं बैलांच्या तोंडाकडं बघितलं. बैलांची काही हरकत दिसली नाही. "म्हातारीला मधल्या गाडीत बसवा," तो म्हणाला. "तिच्यात कडबा जास्त हाय."

आत घुंगरांचा आवाज ऐकू आला. लांब जाणारी घुंगरं किती उदास वाजतात, असं चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि मंडळानं त्यालाही एकमतानं मान्यता दिली.

दिवेलागणीला ठराव पास झाला: गाडी द्यावी. ही आनंदाची बातमी सांगायला मार्तंडराव बाहेर आले. बाकीचे दोन्ही तंबू रिकामे. गाड्या नाहीत. चुलीवर पाणी ठेवलेलं होतं आणि शेजारी चहाची पूड, गुळाचा खडा नीट काढून ठेवला होता. पाहुणचारात कुठं कमी नव्हती.

त्याच वेळी सोलापूरकडच्या आगगाडीनं दुसरं एक शिष्टमंडळ येडशीला उतरून थेट छावणीत आलं. त्यांना दिसले जमिनीवर बसलेले, भुकेले, चेहरे उतरलेले तीन जीव. शिष्टमंडळाच्या बाईंनी मान डावीकडं कलवली. "कसं वाटतंय?"

"अहो, मी वकील आहे," मार्तंडराव म्हणाले. "बाकी काही नको. एक बैलगाडी द्या, धाराशिवपर्यंत."

बाई सोबतच्यांकडं वळून हळूच म्हणाल्या, "पूर्वी वकील असतील बिचारे. गावाची ओढ बघा कशी असते."

आणि सगळं शिष्टमंडळ ऐसपैस बसलं. मार्तंडरावांनी चहा टाकतो असं सांगितलं आणि लगबगीनं बाहेर जाऊन बघितलं. पण ही माणसं रेल्वेनं आलेली. एक बैल नव्हता.

चौथ्या दिवशी वीरप्पा गाड्या घेऊन परत आला तेव्हाही मंडळ सोलापूरचं एक करुण गाणं ऐकत होतं. हसीनाबीची पेरणी झाल्याचं त्यानं सांगितलं. तिचा निरोपही होता: दुसरा चहा राहिलाय, तो ईटला येऊन घ्या. मात्र चालत या.

तर मंडळाला सध्या चिटणीस हवा आहे. मार्तंडरावांची मान त्या दिवसापासून सरळ झाली, ती काही केल्या कलत नाही. तुम्ही मात्र इथवर मान डावीकडं कलवूनच वाचत आलात, हे आम्हाला इथनंसुद्धा दिसतंय. तेव्हा रविवारी या. फक्त बैलगाडीनं येऊ नका. तिचा उपयोग होतो.