रडायला मनाई

नवऱ्याने उत्साहाच्या भरात दोनदा दाढी केली, तिथेच सगळं बिघडलं.

तिला ते तेव्हा कळलं नाही. ती स्वयंपाकघरात ब्रश, वाट्या आणि कापूस पिशवीत भरत होती. स्किन केअरच्या कोर्सची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि मॉडेल म्हणून यायचं कबूल केलेल्या शेजारणीच्या ओठावर नेमकं सकाळीच पुरळ उठलं होतं. तशा चेहऱ्याला त्वचा उजळवायचं सौम्य अ‍ॅसिड लावत नाहीत. उरला कोण, तर नवरा. तो एका गोदामात हिशेबनीस होता आणि आजवर त्याच्या तोंडाला साबणापलीकडे काही लागलं नव्हतं. पण बायकोची परीक्षा म्हणजे घरच्या अब्रूचा प्रश्न. त्याने नवं पातं काढलं, एकदा सरळ आणि एकदा उलट हात फिरवला आणि गाल असे काही गुळगुळीत केले की माशी बसली असती तर घसरली असती.

तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उभा संसार दुसऱ्यांची कामं काढण्यात गेल्यावर प्रथमच स्वतःचं म्हणावं असं काही हाताशी आलं होतं. एका क्लिनिकने सांगून ठेवलं होतं, पास झालात तर सोमवारपासून या. तो सोमवार तिला झोपेतसुद्धा दिसत होता.

परीक्षेच्या खोलीत तिने नवऱ्याला पलंगावर आडवं केलं, केसांना पट्टा बांधला आणि शिकवल्याप्रमाणे सगळं विचारलं. कुठलं औषध चालू आहे का? कशाची अ‍ॅलर्जी? उन्हात फार फिरणं होतं का? दाढीचं विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. वर्षभर तिच्या हाताखाली फक्त बायकांचे चेहरे आले होते.

तिने लॅक्टिक अ‍ॅसिडचा पहिला हात फिरवला.

"चुणचुणतंय का हो?"

"छे! छान गार वाटतंय," नवरा म्हणाला.

तोंडाची नुसती आग होत होती. पण बायकोच्या परीक्षेत ओरडायचं कसं, म्हणून तो गप्प पडून राहिला. परीक्षकबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.

"यांच्या पायांची बोटं बघा," त्या म्हणाल्या.

बोटं आकड्यासारखी वळली होती. तिने धावपळ करून अ‍ॅसिड उतरवलं, गार पट्ट्या ठेवल्या. पट्ट्या उचलल्या तेव्हा खाली चेहरा लालबुंद झालेला आणि पापण्या सुजलेल्या.

"दाढी कधी केलीत?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच. दोनदा," नवरा अभिमानाने म्हणाला.

बाईंनी तिच्याकडे वळून सांगितलं, "मेलेल्या पेशींचा जो थर तुम्ही अ‍ॅसिडने काढणार होतात, तो यांनी घरीच खरवडून आणला. आता खालची कोवळी कातडी उघडी पडलीय. विचारायला हवं होतं. पण उतरवलंत वेळेवर, हात शांत होता. उद्या सकाळी यांना परत आणा. ऊन नको, घाम नको, चोळणं नको, डोळ्यांतलं पाणीसुद्धा गालावर यायला नको. चेहरा निवलेला दिसला तर पास."

बाहेर येतात न येतात तोच फोन वाजला. नवऱ्याचे मामा गेले होते.

मामांशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर एक शिडी. मामांनी ती रंगकामाला म्हणून नेली आणि परत मागितल्यावर "ती माझीच आहे" असं चारचौघांत ठणकावलं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आता जायला हवं होतं.

"जाऊ या," ती म्हणाली, "पण रडायचं नाही हं."

"मी कशाला रडतोय?" नवरा म्हणाला. "त्या माणसासाठी?"

मामांच्या घरापर्यंत तिने त्याच्या डोक्यावर छत्री धरली. दारात बसलेल्या मंडळींनी तो सुजलेला, लाल चेहरा पाहिला आणि आपोआप वाट करून दिली.

"बघा, चालवत नाहीये बिचाऱ्याला," मामांचे शेजारी हळहळले. "भांडण असलं तरी रक्ताचं नातं!"

त्याला पुढची खुर्ची मिळाली. पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं गेलं. कुणी पाठीवरून हात फिरवला. नवरा हिशेबात न बसणारी रक्कम पाहावी तसा बघत होता. ती शेजारी बसून दर थोड्या वेळाने कुजबुजत होती, "डोळ्यांत पाणी आणू नका. काही झालं तरी नाही."

ते शेजाऱ्यांनी ऐकलं.

"अहो, रडू द्या त्यांना! मन मोकळं होऊ द्या."

"नको. त्रास होतो त्यांना."

"साठवून ठेवलं की जास्त त्रास होतो. रडा हो तुम्ही!"

"नाही रडायचं," ती ठामपणे म्हणाली. खोलीभर नजरा तिच्याकडे वळल्या. काय दगडाच्या काळजाची बाई आहे, हे त्या नजरांत स्वच्छ दिसत होतं. तिने मान खाली घातली आणि सोमवार आठवला.

मामींनी दोघांना आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं आणि भाच्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

"हे रडणं नाही. रडून कुणी जबड्यापर्यंत रेघ मारल्यासारखा लाल होतो का? गळा बघ, पांढराफटक. काय लावलंस तोंडाला?"

नवऱ्याची बोबडी वळली. "मामी, ते... हिची परीक्षा..."

"असू दे. बाहेर नाही सांगत मी. आपला म्हणून कुणीतरी रडतंय असं लोकांना वाटलं, तेवढंच बरं वाटलं मला." मामी पलंगावर टेकल्या. "जाताना ती शिडी घेऊन जा. दाराआड आहे. दरवर्षी हे रंग द्यायचे तिला, गंजू नये म्हणून. कुणाला हात लावू देत नव्हते. म्हणायचे, तो मागायला येईल तेव्हा चांगली दिसली पाहिजे."

नवरा दाराकडे बघत राहिला. त्याचे डोळे काठोकाठ भरले. पाणी खाली पडू नये म्हणून त्याने मान मागे टाकली आणि तसाच बायकोकडे वळला.

"रडू का?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. वीस वर्षांत तो तिच्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

"रडा," ती म्हणाली.

तो लहान मुलासारखा हुंदके देत रडला. मामींनी मायेने त्याचं तोंड पुसलं, तेही हाताला आला त्या खरखरीत टॉवेलने आणि चांगलं खसाखसा. ती बघत राहिली, पण टॉवेल धरायला तिचा हात काही पुढे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षकबाईंनी भिंगाचा दिवा जवळ ओढला. गालांवर दोन सोललेले पट्टे होते.

"हे काय?"

"रडले. कुणी गेलं घरातलं."

"तुम्ही बजावलं नव्हतं?"

"बजावलं होतं. नंतर मीच रडा म्हटलं."

बाईंनी दिवा बंद केला.

"वाईट वाटतं मला," त्या म्हणाल्या, आणि ते खरं वाटलं. "पण कातडीला कारण कळत नाही. पुढच्या सहामाहीला बसा."

व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. क्लिनिकला काय कळवायचं याचा ती विचार करत होती आणि करता करता तिचा चेहरा वाकडा झाला.

"अगं, रडू नकोस!" नवरा घाबरून म्हणाला. "गालावर पाणी येऊ द्यायचं नाही!"

"मला कुणी काही लावलेलं नाही," ती म्हणाली आणि मनसोक्त रडायला लागली.

ते बघून त्याचेही डोळे डबडबले. तिने रडता रडताच त्याच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि चेहरा वर केला.

"तुम्ही छताकडे बघा."

तिचं रडून होईपर्यंत तो छताकडे बघत बसला.