हवालदार आण्णा आणि मणक्यांची रांग

हवालदार आण्णा कुणालाही भेटले की आधी त्याच्या पाठीमागे जात. पाठ निरखून झाली की मग समोर येऊन रामराम. बदली होऊन मी आष्ट्याला त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा सामान उतरवतानाच मागून आरोळी आली, "मास्तर, डावा खांदा खाली हाय. रांग बिघडलीय!"

फौजेतून लोक पेन्शन घेऊन येतात, आण्णा पाठी सरळ करण्याची विद्याही घेऊन आले. लष्करी इस्पितळात कुणा नायकाकडून शिकलेली. त्यांच्या लेखी मणका म्हणजे जवान. "एक जवान रांगेतनं हालला, की सगळी पलटन वाकडी."

पुढे मला उसण भरली आणि मीही त्यांच्या ओट्यावरच्या बाकड्यावर पालथा पडलो. आण्णांचा अंगठा मानेपासून एकेक मणका चाचपत निघाला आणि कमरेशी थांबला. "ह्यो बघा, गैरहजर!" आता हा माणूस मला कायमचा लुळा करणार, या भीतीने माझ्या अंगाचे लाकूड झाले. तेवढ्यात आण्णांनी शांतपणे विचारले, "मास्तर, तुमच्या लग्नात वाढपी कोण हुतं?"

मी आठवू लागलो. मावसभाऊ... छे, तो तर पंगतीत बसला होता... आणि 'कट्'! मी किंचाळलो. दुखले मात्र काहीच नाही.

"हाड मोडलं काय हो?"

"हाड कशाला मोडतंय? सांध्यातली हवा सुटली. मानूस भ्याला की अंग आवळतो, आन् आवळल्यालं अंग कुनाचं ऐकत न्हाई. इच्यारात पडला, श्वास सोडला, की तेवढ्यात झटका. लय जोर न्हाई लागत, येळ गाठायची."

प्रश्न माणसागणिक वेगळा. एका पैलवानाला त्यांनी विचारले, "पयली कुस्ती कुनाशी हारलास रं?" तो "हारलो न्हाई, पंच फितूर हुता" म्हणून पालथ्यापालथ्याच भांडत राहिला. पाठ केव्हाच मोकळी झाली होती.

रहिमतपूरचा विषय मात्र आण्णांपुढे कुणी काढत नसे. त्यांची एकुलती लेक तिथे नांदत होती. तिने आपल्या मनाने लग्न केले म्हणून तीन वर्षे त्यांनी तिचे तोंड पाहिले नव्हते. तिला मुलगी झाली, बारशाचे बोलावणे आले. ऐन बारशादिवशी आण्णा मुद्दाम दुसऱ्याच गावाला कुणाची तरी पाठ बघायला गेले.

दुसऱ्या सकाळी बादली उचलताना खुद्द आण्णांचीच पाठ धरली. आपली पाठ आपल्याला सरळ करता येत नाही. काटकोनात उभे राहून ते ओरडले, "मास्तर, तुमी इतक्यांदा बघितलंय. या, लावा हात!"

त्यांना बाकड्यावर घातले. अंगठ्याने मणका सापडला, पण अंग दगडासारखे. प्रश्न एकच सुचत होता आणि तो विचारायला माझी जीभ रेटेना. शेवटी विचारलाच.

"आण्णा, नातीचं नाव काय ठेवलं?"

अंग एकदम सैल पडले. लांब श्वास सुटला. मी दाबायचेच विसरलो.

"म्हाईत न्हाई, मास्तर," ते बाकड्यात तोंड खुपसून म्हणाले. मला फार वाईट वाटले. तोच हुकूम आला, "दाबा की! येळ चालली."

दाबले. कट् झाले. आण्णा उठले, डोळे पुसले, टोपी चढवली. मग घरात जाऊन त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक झबले काढले. घडी बऱ्याच दिवसांची दिसत होती.

"मास्तर," ते पिशवी शोधत म्हणाले, "रहिमतपूरला गाडी कवा हाय?"