केवलरामाचा कान

राइस मिलमधला फिटर केवलराम चालू मशीनला पाना टेकवायचा, पान्याचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचा. बेअरिंग जायचंच. (न गेल्यास हा स्वतःच ठोकून घालवतो, असं मालक म्हणत, पण ते मालक.)

म्हणून त्या रविवारी सातव्या महिन्यातली त्याची बायको ललिता म्हणाली, "अजी, सकाळपासून लेकरू हललं नाही. नर्सबाईकडे जाऊ," तेव्हा तो म्हणाला, "कायले? मी ऐकतो."

"लेकरू आहे ते, मशीन नाही."

"ठोका तो ठोकाच."

पाना थंड लागेल म्हणून त्यानं रॉकेलचं नरसाळं आणलं. ललितानं ते आधी साबणानं धुवायला लावलं. मग रुंद तोंड पोटावर, नळी कानाला, डोळे घड्याळावर.

धप्प. धप्प. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

मागच्या तपासणीत नर्सबाईंनी बाळाचे ठोके एकशे चाळीस सांगितले होते.

"काय ऐकू येऊन राहिलं?"

"चप्पल घाल."

ललितानं पुढं विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात, दवाखान्यात नेतानाही तो एवढंच बोलला होता. परतताना दोघंच होते.

कामठ्याला नर्सबाईंकडे जाताना त्यानं मोटारसायकल इतकी जपून चालवली, की मागून आलेला सायकलवाला विचारून पुढं गेला, "पेट्रोल संपलं का, भाऊ?"

नर्स मंदाबाईंनी पोटावर नळी लावली. बराच वेळ ऐकलं. ललिता छताकडे बघत होती.

"एकशे चव्वेचाळीस. झोपलं होतं, आता लाता मारून राहिलं. काऊन घाबरवलं हिले?"

"पण मी अठ्ठ्याहत्तर मोजले!"

"ते हिचे स्वतःचे, भाऊ. मशीन बरोबर, पुर्जा चुकला."

ललिता पदरानं डोळे पुसत हसली आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, यायले एकदा ऐकवा."

केवलरामाला आकडा कळला होता, आवाज नव्हता. त्यानं नळीला कान लावला. टकटकटकटक! तो पांढरा पडला. "बाई, एवढ्या स्पीडले कोणतं बेअरिंग टिकते?"

मंदाबाईंनी त्याचंच मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं. "एकशे बत्तीस. बोला, आता कोणाले भरती करू?"

"यायलेच करा," पोटावर हात ठेवून ललिता म्हणाली. "आमचं दोघांचं बरोबर चालून राहिलं."