आत कोण आहे?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या इंदूअक्का दिवा लावण्याआधी खोलीची परवानगी घेतात. बटणावर बोट ठेवायचं, अंधारात मान घालून विचारायचं, "आत कोण आहे?" आणि थोडं थांबायचं. मग टक्. एकदा मी माझ्याच अंधाऱ्या कोठीत साखरेचा डबा चाचपडत होते. अक्का मदतीला आल्या. "आत कोण आहे?" "मी आहे, अक्का." "सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या आणि दिवा न लावताच निघून गेल्या. त्या दिवशी आम्ही मिठाचा चहा प्यायलो.

सुरुवातीला मला वाटलं, बाईंचा भुतांवर विश्वास असावा. तसं काही नव्हतं. अक्का बसवनगुडीत वाढल्या, त्यांच्या मराठी घराण्याला ह्या कानडी मुलखात येऊन कैक पिढ्या झाल्या. कॉलेजात त्या जंतुशास्त्र शिकवायच्या. तिथल्या प्रयोगशाळेत एका खोलीत जंतू मारणारी अतिनील किरणांची ट्यूब होती आणि बटण दाराबाहेर. बटण दाबण्याआधी हाक मारायची. उत्तर आलं तर हात मागे, नाही आलं तर दिवा. आतून उत्तर बहुतेक वेळा अण्णांचंच यायचं. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, त्याच विभागात शिकवणारे आणि जंतूंच्या काचेच्या बशांमध्ये हरवलेले. घरीसुद्धा तोच रिवाज राहिला. अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं.

"तो उजेड दिसायला फार गोड गं," अक्का सांगतात. "निळसर, चांदणं पडल्यासारखा. म्हणूनच वाईट. चटका नाही, टोचणं नाही, माणूस बघत बसतो. आणि काही तासांनी डोळ्यांत वाळू."

ह्या वर्षी कोजागिरीला आमच्या सर्जापूर रोडवर आभाळ गच्च भरलेलं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष केळकर चंद्रावर अवलंबून राहणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी स्वतःचंच चांदणं आणलं. कोरोनात भाज्या निर्जंतुक करायला घेतलेली एक ट्यूब त्यांच्या माळ्यावर पडून होती. ती त्यांनी क्लबहाउसात पांढऱ्या चादरीच्या वर टांगली. खाली सतरंजीवर सोसायटीतली सगळी पोरं, डोळे वर करून बसलेली.

केळकरांनी स्वतः मात्र काळा चष्मा लावला होता. डोळे आलेत म्हणाले. ते बटणापाशी पोचण्याआधी अक्का पोचल्या. ट्यूबकडे एकदा बघितलं आणि बटणावर पंजा ठेवला.

"आत कोण आहे?"

"आम्ही सगळे!" हशा पिकला.

"सरी. मग दिवा लागणार नाही."

"अहो अक्का, नुसता निळा लाइट आहे तो," केळकर म्हणाले. "काल दुपारभर त्याच्याखाली बसून मी सजावटीच्या ह्या माळा ओवल्या."

"आणि डोळे कधी आले?"

"काल... रात्री."

"दोन्ही? एकदम? वाळू गेल्यासारखे? उजेड सोसत नाही?"

केळकरांनी चष्मा जरा वर केला आणि लगेच खाली घेतला. मग पुढच्या रांगेतल्या आपल्या नातीकडे बघितलं. नंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. खुर्चीवर चढून त्यांनी स्वतःच ट्यूब उतरवली. अक्कांनी आपला रुमाल गार पाण्यात भिजवून त्यांच्या हातात दिला. "मिटल्या डोळ्यांवर ठेवा. चोळू नका. एक-दोन दिवसांत उतरेल, पण उद्या डॉक्टरांना दाखवा हं," म्हणाल्या. आवाज अगदी आईचा.

मग आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र आलाच नाही. ढगांमागे कुठेतरी एक पांढुरकेपणा होता तेवढाच. दूर बेळ्ळंदूरच्या बाजूला गाड्यांचे दिवे मुंगीच्या पावलांनी सरकत होते. एरवी ज्यांना आम्ही शिव्या घालतो, ते त्या संध्याकाळी पाण्यावर सोडलेल्या पणत्यांसारखे दिसले. सगळे हळू आवाजात बोलत होते. अक्का दूध न घेताच खाली गेल्या होत्या, म्हणून मी एक पेला झाकून निघाले.

त्यांचं दार उघडं होतं आणि घरात अंधार. अक्का हॉलच्या उंबऱ्यात उभ्या, बोट बटणावर.

"आत कोण आहे?"

कुणीच नव्हतं. नियमाप्रमाणे आता दिवा लावायचा. बोट हललं नाही.

"लावा की, अक्का," मी मागून म्हटलं.

"लावते गं," त्या वळल्या नाहीत. "स्वल्प थांब. कधी कधी ते उशिरा उत्तर द्यायचे."

मी चपला काढल्या, त्यांच्या बाजूने आत शिरले, चाचपडत सोफा शोधला आणि पेला सांभाळत बसले.

"आता परत विचारा."

मग अगदी हलक्या आवाजात, "आत कोण आहे?"

"मी आहे, अक्का."

बोट बटणावरून निघालं. "सरी," म्हणाल्या आणि अंधारातच सावकाश येऊन माझ्या शेजारी बसल्या. दूध अजून कोमट होतं.